दोरी मेव्हण्याच्या हाती

आमच्या किनाऱ्यावर बुडी मारणाऱ्याची दोरी त्याच्या बायकोचा भाऊ धरतो. सख्खा भाऊ नाही, बाप नाही, जिवाभावाचा दोस्त तर नाहीच. सख्ख्या भावाचा घरावर डोळा असू शकतो. दोस्ताचं काय, तुम्ही वर आलात काय नि नाही आलात काय, दुपारचा भात तो जेवणारच. मेव्हण्याचं तसं नाही. त्यानं दोरी सोडली तर विधवा होते ती त्याची बहीण, आणि येते ती त्याच्याच दारात. आमचे म्हातारे देवाला मानायचे, पण समुद्रात उतरताना एवढा विचार करूनच उतरायचे.

मी कस्पार. शंख काढतो. अकरा वर्षं माझी दोरी सवरीनं धरली, म्हणजे सवरीमुत्तू, माझ्या बायकोचा, पनिमयमचा, धाकटा भाऊ. अकरा वर्षांत त्याच्यावर संशय घ्यायची वेळ कधी आली नव्हती. ती मीच आणली.

रविवारी मिस्सा आटोपून घरी आलो तर कळलं की बायकोनं रायप्पन तांडेलाच्या बायकोला सांगितलंय, ह्यांच्या कानातून रक्त येतं, थोडे दिवस ह्यांना खाली सोडू नका. रायप्पन म्हणजे आमच्या होडीचा मालक. आता कान माझा, रक्त माझं, आणि बोभाटा चर्चच्या पायरीवर. माझं डोकं फिरलं. एक ठेवून दिली तिच्या गालावर. माझा हात जड आहे. गाल सुजला, डोळ्याखाली काळंनिळं झालं. ती रडली नाही. पदर तोंडावर ओढून घेतला आणि वाळूतून चालत भावाच्या घरी गेली. शेजारीण चौकशीला आली तेव्हा मी सांगितलं, तिच्या आईचे गुडघे धरलेत म्हणून गेलीय.

सोमवारी पहाटे होडीवर गेलो तर सवरी आधीच आलेला. हवा भरायच्या यंत्रात डिझेल ओतत होता. एरवी ह्याचं तोंड कोंबड्याच्या आधी सुरू होतं. कुणाची बकरी हरवली, कुणाचं लग्न मोडलं, सगळं होडी सुटायच्या आत सांगून मोकळा होतो. आज नुसतं 'या, दाजी' म्हणाला आणि गप्प बसला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"आई कशी आहे?" मी मुद्दाम विचारलं.

"गुडघे धरलेत म्हणे," तो म्हणाला.

मी गावात सोडलेली थाप त्यानं माझ्याच हातात आणून ठेवली, आणि चेहऱ्यावरची रेष हलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. शिव्या देणारा माणूस कळतो. हा गप्प राहणारा काय शिजवतोय, कोण सांगणार?

होडी निघाली. सवरी हवेची नळी हातातून सरकवत तपासायला लागला. एकदा तपासली. मग पुन्हा पहिल्यापासून तपासली. हा रोज एकदाच तपासतो. नळीला कुठं भोक आहे का बघतोय, की भोक कुठं पाडता येईल ते बघतोय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं माझं. त्यानं पाणी प्यायला दिलं, मी घेतलं नाही. "आज किती खोल, दाजी?" असं विचारलं, तर मला वाटलं, ह्याला खोलीशी काय करायचंय?

मी मागं सुकाणूपाशी रायप्पनजवळ जाऊन बसलो. हळूच म्हटलं, "तांडेल, आज तुम्ही धरा की माझी दोरी."

"मी कशाला? माझी बहीण दिलीय का तुला?" म्हातारा हसला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "का रे, मेव्हण्याशी वाजलं काय?"

"छे. सहज म्हटलं."

"सहज चपला बदलतात, कस्पार. दोरी नाही बदलत."

म्हणजे तीही वाट बंद. उतरतच नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण पनिमयमच्या गालावर होतं. नऊ वाव खोल पाण्यावर होडी थांबली. रायप्पन तोंडावर पंचा टाकून ताडपत्रीखाली आडवा झाला. मी कमरेला शिसं बांधलं, नळीचा वेढा घेतला, दोरीची एक गाठ कमरेला मारली. दुसरं टोक घ्यायला सवरीनं हात पुढं केला, रोज करतो तसा.

मी ते टोक होडीच्या खुंटीला बांधलं.

"पाण्याला ओढ आहे आज," मी म्हणालो. "हातातून सुटायची. तू फक्त नळी बघ."

सवरीनं खुंटीकडं बघितलं. मग स्वतःच्या मोकळ्या हाताकडं बघितलं आणि तो मिटून घेतला. "जशी तुमची मर्जी, दाजी."

खाली माझं कामात लक्ष नव्हतं. शंख वाळूत रुतून बसतो, त्याच्या चालीचा माग शोधावा लागतो, आणि मी शोधत होतो वर होडीचा तळ. हवेला डिझेलचा वास येतोय का, हवा कमी होतेय का, वरची सावली हलली ती का हलली. असा मान वर करून चालता चालता मी दोन खडकांमधून पलीकडं गेलो. नळी फटीत अडकली हे मला कळलंच नाही. अचानक हवा थांबली.

साधलं यानं. पहिला विचार हाच आला, देवाशपथ. खडकाचा विचार नाही, नळीचा नाही. मी दोरीला दोन हिसके दिले. दोन हिसके म्हणजे वर ओढ. मग आणखी दोन दिले. मग किती दिले आठवत नाही. कमरेचा नळीचा वेढा सुटेना, छाती फुटायला आली, आणि तेव्हा मला आठवलं की माझे हिसके वर एका लाकडाला बसतायत. लाकडाला बहीण नसते.

डोळे उघडले तेव्हा मी होडीत पालथा होतो आणि रायप्पन माझ्या पाठीत बुक्के घालत होता. खारं पाणी नाकातोंडातून निघत होतं. सवरी बाजूला बसला होता, चिंब भिजलेला, खडकानं त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलून काढलेला.

"ह्यानं दोरी माझ्या अंगावर फेकली, ओढा म्हणाला आणि उडी टाकली," रायप्पन धापा टाकत सांगत होता. मग तो सवरीकडं वळला. "पण एवढी वेळ का आली? दोरी ओढली नाही का यानं?"

मी ऐकत होतो. बोलता येत होतं मला.

"ओढली असेल," सवरी म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं."

रायप्पननं ओली दोरी त्याच्यापासून लांब सारली. "आजपासून तू कुणाची दोरी धरायची नाहीस," तो म्हणाला. "ह्या होडीवर नाही आणि दुसऱ्या कुठल्या होडीवरही नाही. मी सगळ्यांना सांगणार."

सवरीनं मान हलवली. मी डोळे मिटून पडून राहिलो. आणि खरं सांगू? मला आत बरंच वाटलं. बघा, कबूल केलं की नाही, असं वाटलं.

संध्याकाळी पनिमयम घरी आली. पदर तसाच गालावर ओढलेला. बातमी साऱ्या वस्तीत पोचली होती. तिनं चूल पेटवली, पेज केली, माझ्या उशाशी बसली. "माझा भाऊ मेला मला," एवढंच म्हणाली. तीन दिवस तिनं माझी सेवा केली. लोक विचारपूस करायला आले, कुणी मासे आणले, कुणी नारळ आणला. सगळे सवरीला नावं ठेवून जायचे आणि मी पेज पीत ऐकायचो.

पण माझा स्वभाव मला सुखानं जेवू देत नाही. सवरीनं खुंटीचं नाव का नाही घेतलं? फुकट कोण कुणासाठी खोटं बोलतं? उद्या हा माझ्याकडं काय मागणार? गुरुवारी दुपारी मी त्याला शोधत गेलो. बंदराच्या टोकाला, फाटक्या जाळ्यांच्या ढिगापाशी तो एकटाच जाळं शिवत बसला होता. जवळून दोघेजण गेले, पण त्याच्याशी बोलले नाहीत.

"काय हवंय तुला?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"कसलं काय?"

"खुंटीचं बोलला नाहीस. कशासाठी?"

सवरीनं सुई थांबवली. "तुम्हाला खरंच कळत नाही, दाजी? खुंटीचं बोललो असतो तर रायप्पननं विचारलं असतं, मेव्हण्याचा हात सोडून लाकूड का धरलं ह्यानं? मग अक्काचा गाल सगळ्या किनाऱ्यानं बघितला असता. माझ्या घरी ती तोंड झाकून आली होती. ते मी उघडं करू?"

"आणि तुझं काय?"

"माझं काय. जाळी शिवतोय."

मी त्याच्याशेजारी जाळ्यांवर बसलो. मग मी विचारलंच, कारण तेच विचारायला आलो होतो. "सवरी, दोरी सोडायचं मनात आलं होतं का तुझ्या?"

"आलं होतं," तो म्हणाला. "रात्रभर आलं होतं. म्हणून तर हात पुढं केला. हातात आली असती तर सोडता आली नसती. तुम्ही दिलीच नाहीत." आणि तो पुन्हा जाळं शिवायला लागला.

मी घरी आलो. चुलीवर भात रटरटत होता आणि पनिमयम दारात मासे साफ करत बसली होती. मी गप्प राहिलो असतो तर सगळं माझ्या बाजूनं होतं. बायको घरात, लोक माझ्यामागं, कान बरा होईपर्यंत बसून खायचं. लाज वाटली मला, दुसरं काही नाही. मी म्हणालो, "दोरी सवरीच्या हातात नव्हती. मी खुंटीला बांधली होती."

तिचा हात थांबला. "का?"

"भीती वाटली."

"त्याची?"

"तुला मारलं होतं ना मी."

तिनं कोयती खाली ठेवली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मी आपली समजूत घातली होती मनाची. रागात कळलं नसेल माणसाला. तुम्हाला पक्कं कळलं होतं. एखाद्यानं जीव घ्यावा एवढं वाईट केलंय, हे कळलं होतं. तरी माझ्याकडं येऊन एक शब्द बोलला नाहीत. दोरी तेवढी बांधलीत."

"सवरी म्हणाला, तुझा गाल लोकांनी बघू नये म्हणून—"

"माझा गाल झाकायचा की दाखवायचा, हे तुम्ही दोघांनी कधी ठरवलंत?"

तिनं हात धुतले, पदर खांद्यावर टाकला आणि उघड्या तोंडानं चालायला लागली. होड्या येण्याची वेळ होती. सगळे किनाऱ्यावर होते, सवरीही जाळं खांद्यावर घेऊन परतत होता. ती रायप्पनसमोर जाऊन उभी राहिली. डोळ्याखालचा डाग आता पिवळा पडला होता, पण दिसत होता. "हे माझ्या नवऱ्यानं केलं," ती म्हणाली. "म्हणून तो माझ्या भावाला घाबरला. दोरी त्यानं भावाच्या हातात दिलीच नव्हती, खुंटीला बांधली होती. आता सांगा, दोरी कुणी सोडली?"

रायप्पननं माझ्याकडं बघितलं. "खरं का, कस्पार?"

पनिमयम माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. तिचं सांगून झालं होतं, मी काय म्हणतो याची तिला गरज नव्हती.

"खरं आहे," मी म्हणालो.

"सवरी, उद्या पहाटे ये," रायप्पन म्हणाला. मला काहीच म्हणाला नाही. लोक पांगले. पनिमयमनं भावाच्या खांद्यावरचं जाळं एका बाजूनं उचललं आणि ती त्याच्याबरोबर निघाली. चार पावलं गेल्यावर तिनं मान वळवली.

"चुलीवर भात आहे," ती म्हणाली. "करपायच्या आत उतरवा."