पट्टीखालचा पिवळा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. उजेड पाडणारा नव्हे, इशारा देणारा. सतरा वर्षांच्या एका मोटारीत, स्टिअरिंगच्या मागच्या काचेआड मी राहतो. माझा आकार इंजिनाचा, रंग पिवळा आणि उंची तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. पण मी लागलो की भलेभले गाडी बाजूला घेतात. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी कशाला लपवू?

कारखान्यात मला बसवलं तेव्हाच माझं काम ठरलं. इंजिनाचं काही बिनसलं तर लागायचं, नाहीतर गप्प बसायचं. किल्ली फिरवली की मी थोडा वेळ लागतो, म्हणजे मी शाबूत आहे हे चालवणाऱ्याला कळतं. इंजिन सुरू झालं की मी विझतो. इतक्या वर्षांत मी एकदाही उगाच लागलेलो नाही. माझ्या शेजारी गिअरचा दिवा राहतो. आमच्या गाडीचे गिअर आपोआप बदलतात, आणि तिथे काही अडलं की तो लागतो. स्वभावाने जरा अबोल आहे, पण खोटारडा नाही.

आमची मालकीण जनावरांची डॉक्टर. सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. मागच्या सीटवर रबरी बूट, दोर, बादली आणि औषधांची पेटी, आणि गाडीला कायम ओल्या गवताचा वास. गाय अडली, घोडी लंगडली की फोन यायचा आणि आम्ही निघायचो. चिखल असो, चढ असो, आडवळणाचा गोठा असो, आम्ही पोचलो नाही असं कधी झालं नाही. कोणी जनावराचं दुखणं अंगावर काढून उशिरा बोलावलं, की बाई त्याला चांगलंच फैलावर घ्यायची. "लक्षण झाकून रोग बरा होत नाही," हे तिचं वाक्य मला पाठ आहे.

आणि मग गेल्या हिवाळ्यात मी लागलो.

बाईने काचेवर टिचकी मारली. मी विझलो नाही. तिच्या भाऊजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने, निदान करून टाकलं की जुन्या गाड्यांचे दिवे असेच लागतात, लक्ष देऊ नये. भाऊजींना गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण बोलायला काय जातं! त्यात गाई विण्याचे दिवस, बाईला श्वास घ्यायला फुरसत नाही. एका सकाळी तिने आपल्या पेटीतली चिकटपट्टी काढली, इंचभर तुकडा कापला आणि माझ्यावर चिकटवला.

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. ती पट्टी जखमांवर लावायची, तोंडावर नव्हे. तरीही मी अंधारात माझं काम चालूच ठेवलं.

दोन महिन्यांनी, भर चढावर, गिअरचा दिवा लागला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसली, गिअर बदलेचना. रखडत रखडत आम्ही गोठ्यावर पोचलो ते तासभर उशिरा. गाय आणि वासरू दोघंही वाचली, पण थोडक्यात.

एका मोठ्या वर्कशॉपमधल्या माणसाने बॉनेटही न उघडता सांगितलं की गिअरबॉक्स गेला, गाडी भंगारात द्या. भाऊजी म्हणाले, "मी तर केव्हाचं सांगतोय, गाडी जुनी झाली." शनिवारी भंगारवाला यायचं ठरलं. दुसरी गाडी मिळेपर्यंत लांबच्या गोठ्यांचं काय, या विचाराने बाईचं जेवणावरून लक्ष उडालं. आणि माझं? मी तर पट्टीसकट चेचला जाणार होतो.

शुक्रवारी दुपारी जवळच्या गॅरेजचा म्हातारा मिस्त्री आपला कुत्रा दाखवायला आला. कुत्रा खात नव्हता. बाईने त्याला विचारलं, कधीपासून, आधी काय झालं, मग काय झालं. कुत्र्याला औषध देऊन झाल्यावर मिस्त्रीने अंगणातल्या गाडीची चौकशी केली. बाईने सगळं सांगितलं. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, त्याने किल्ली फिरवली आणि विचारलं, "आधी कुठला दिवा लागला?"

"गिअरचा."

मिस्त्रीने नखाने पट्टीचा कोपरा उचलला आणि ती ओढून काढली. इंजिन चालू होतं, आणि मी लागलेलोच होतो.

"आणि हा कधीपासून?"

बाई हळूच म्हणाली, "दोन महिने झाले. मीच झाकला."

मिस्त्री हसला नाही. गॅरेजमधून त्याने छोटं यंत्र आणलं आणि गाडीला जोडलं. पट्टीखाली माझं तोंड बंद होतं, पण आमच्या गाडीच्या संगणकाने तक्रार जपून ठेवली होती: विजेचा दाब कमी पडतोय. मिस्त्रीने इंजिन बंद करून विजेचा दाब मोजणाऱ्या मीटरची एक तार बॅटरीला आणि दुसरी इंजिनाला लावली, बाईला गाडी पुन्हा सुरू करायला सांगितलं, आणि आकडा बघून ओळखलं की वीज मध्येच कुठेतरी अडतेय. मग तो बॅटरीखाली वाकला. इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी जाड तार गंजून दोन-चार धाग्यांवर लोंबत होती. त्याने गंज घासला, नवी तार लावली, बोल्ट आवळला.

"गिअरबॉक्स ठणठणीत आहे," तो म्हणाला. "बिचारा विजेविना उपाशी होता."

त्याच चढावर गाडी नेली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे गिअर सुरळीत पडले. बाईने तिथूनच भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. मग डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चुकलं माझं." सतरा वर्षांत माझी कोणी माफी मागितली नव्हती.

पट्टीचा चिकट डाग काचेवर अजून आहे. भाऊजी तो खरवडायला निघाले होते, पण बाईने हात लावू दिला नाही. आता ती किल्ली फिरवते, थांबते आणि आधी माझ्याकडे बघते.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कोणी दुखणं सांगत असेल, माणूस, जनावर किंवा माझ्यासारखा नखाएवढा दिवा, तर त्याचं तोंड झाकू नका. "कधीपासून?" एवढं तरी विचारा.

ही बघा, बाईने किल्ली फिरवली. मी लागलोय, ती बघतेय. इंजिन सुरू झालं. सगळं ठीक आहे, तेव्हा मी विझतो, अगदी ताठ मानेने.