माझ्यासाठी बंद केलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुना प्लाझ्मा टीव्ही आहे. नागपुरातल्या एका घरात, हॉलच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. उद्या-परवा भंगारवाला येईल. त्याआधी मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक कप्पे, कप्प्यांत वायू, आणि वीज मिळाली की प्रत्येक कप्पा स्वतःच उजळणार, अशी माझी घडण. काळा रंग दाखवायचा असला की तो कप्पा जवळजवळ विझायचा. त्यामुळे माझा काळा रंग खरोखर काळा दिसे. दुकानात माझ्या शेजारी एलसीडी टीव्ही असायचा. त्याच्या पाठीमागे सदानकदा दिवा जळत असल्यामुळे त्याचा काळा रंग राखेसारखा दिसे, आणि मी मनातल्या मनात त्याला हसायचो. भर उजेडात मात्र तोच बरा दिसे, माझ्या काचेत तर समोरचं सगळं उमटायचं. ही गोष्ट मी सोयीस्करपणे विसरत असे.

२०११च्या वर्ल्डकपच्या थोडं आधी, रेल्वेतून निवृत्त झालेले आनंदराव, त्यांची पत्नी इंदूबाई आणि मुलगा अश्विन सीताबर्डीवरच्या आमच्या दुकानात आले. मला दाखवण्यासाठी दुकानदाराने मागे काळ्या पडद्यांची एक खोलीच केली होती. तिथे क्रिकेट लावलेलं होतं. अश्विन पाहतच राहिला.

"बाबा, बॉल कसा साफ दिसून राहिला पाहा. त्या एलसीडीवर शेपटी निघते त्याची."

विक्री करणारा विक्रम सरळ माणूस होता. त्याने विचारलं, "साहेब, हॉलमध्ये उजेड किती राहते? जास्त असन तर एलसीडीच घ्या."

"मोठी खिडकी हाये आमची," इंदूबाई म्हणाल्या. "दिवसभर उजेड राहते. माही बसाची जागा तिथंच..."

"आई, पडदा लावून घेऊ ना," अश्विन मध्येच म्हणाला आणि निवड झाली. मी आनंदाने फुलून गेलो.

घरी आल्यावर मला लावायचं कुठे, हा प्रश्न पडला. हॉलच्या एका बाजूला स्वयंपाकघराचं दार. दुसऱ्या बाजूला बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. ती भिंत कोणी मागितली नसती आणि कोणी दिलीही नसती. उरली खिडकीच्या बरोबर समोरची भिंत. पहिल्याच दिवशी माझ्यात बॉल दिसेना, खिडकीच दिसू लागली. पडदा लावून पाहिला, पण नागपूरचं ऊन पडद्याला कसलं जुमानतं? शेवटी आनंदरावांनी खिडकीशी ठेवलेला कूलर मागच्या खोलीत नेला आणि सुतार बोलावून खिडकी प्लायवूडने बंद करून टाकली.

मग माझे दिवस आले. दीक्षाभूमीवर येणारे सावनेरचे पाहुणे दरवर्षी मुक्कामाला असत. माझ्यासमोर दाटीवाटीने बसत आणि "असा रंग कोठीच नाही पाहिला" म्हणत. मी नुसता मिरवत होतो.

त्या खिडकीत इंदूबाईंचा अर्धा दिवस जात असे, हे मला हळूहळू कळलं. गुडघ्यांमुळे त्यांना दारापुढच्या चार पायऱ्याही उतरवत नसत. अरुंद गल्लीपलीकडे रुख्मिणी राहायची. ती तिच्या ओट्यावर, इंदूबाई खिडकीत. एकीकडे भाजी निवडायची, दुसरीकडे सुना-लेकींची खबरबात घ्यायची, असं वीस वर्षं चाललं होतं. खिडकी बंद झाल्यावर रुख्मिणी चार-सहा वेळा घरात येऊन बसली. पण तिथे मी होतो.

"इंदू, हळू बोल वं. मॅच सुरू हाये," आनंदराव म्हणायचे. रुख्मिणी वाक्य अर्धंच सोडायची. पुढे तिचं येणं थांबलं.

एका दुपारी मॅच रंगात आली होती आणि माझा आवाज भरपूर वाढवलेला होता. इंदूबाई सोफ्याच्या टोकाला सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होत्या. तेवढ्यात समोरच्या प्लायवूडवर बाहेरून थाप पडली. जुन्या सवयीने रुख्मिणी दाराऐवजी खिडकीशीच आली होती. बाहेर ऑटो थांबला होता आणि तिचा मुलगा घाई करत होता.

"इंदू, रामटेकले निघून राहिली वं मी, पोराकडे. आता तिथंच राहाचं हाये."

मी समोरच होतो, मला ऐकू आलं. पण स्वतःचा आवाज कमी करणं माझ्या हाती नव्हतं. तिने आणखी दोनदा थाप दिली. मग ऑटो सुरू झाला. इंदूबाईंना हे आठ दिवसांनी कळलं, तेही भाजीवालीकडून. फोनवर रुख्मिणीला नीट ऐकू येत नसे. दोन वर्षांनी ती रामटेकलाच वारली.

कालांतराने माझ्या जातीचे टीव्ही बनणंच बंद झालं आणि मीही थकलो. गेल्या आठवड्यात अश्विन आणि त्याची बायको मेघा नवा टीव्ही आणायला गेले. या वेळी दुकानात मेघाने आधी घरातला उजेड सांगितला आणि उजेडात चांगला दिसणारा एलईडी निवडला. अश्विनने उत्साहाने प्लायवूड काढलं. हॉल उजळून निघाला.

"आई, बस आता खिडकीत. हा उजेडातही दिसते."

इंदूबाईंनी समोरच्या ओट्याकडे पाहिलं. तिथे आता कुणाच्या तरी मोटारसायकली उभ्या असतात.

"आता काहून उघडली गा?" त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मित्रांनो, तुम्ही टीव्ही निवडायला जाल तेव्हा माझ्यासारख्याचा काळा रंग पाहून भुलू नका. आधी घरात कोण कुठे बसतं ते पाहा, आणि ते माणूस दुकानात काही सांगू लागलं तर त्याला मध्येच तोडू नका. त्या दिवशी इंदूबाईंचं बोलणं मी ऐकलं होतं. मला तेव्हा फक्त एवढीच धास्ती होती, की आपली निवड हुकते की काय.