गोळे कुठल्या बाजूनं आले

चहाच्या तळाशी जॅममधली चेरी बसली आहे, बी न काढलेली. चमच्यानं ढवळली की वर येते, पुन्हा बसते… बिया काढल्या की चव जाते, असं ल्युदा याच ओट्याशी उभी राहून म्हणाली होती, दोन उन्हाळ्यांपूर्वी, शेजारच्या गालिनाच्या परसातल्या आंबट चेरीचा जॅम करताना. गालिनाची ही धाकटी बहीण. दोघी जन्मल्या रशियात. ल्युदा लग्न करून युक्रेनला गेली, गालिना इथे कॅनडात, विनिपेगला.

सकाळी ल्युदाचा फोन आला. गालिनाला नाही, हेमचंद्रला. गालिना तिचा फोन उचलतच नाही हल्ली.

"आमच्या इमारतीवर गोळे पडले. जिना कोसळला. तू सांग तिला, तुझं ऐकेल ती."

आणि त्यानं विचारलं —

नको. ते नंतर.

आधी बूट, टोपी, हातमोजे. गालिनाच्या दारापर्यंतचा बर्फ फावड्यानं काढणं. जानेवारीत हे तोच करतो. आतून टीव्हीचा आवाज. तोच रशियन चॅनल, जो त्याच्या बेसमेंटमध्येही रोज संध्याकाळी लागतो, भाषा गंजू नये म्हणून. तरुणपणी खारकोव्हला इंजिनिअर झालो आणि जन्मभर सांगत आलो, रशियात शिकलो. ते युक्रेन, असं ल्युदा म्हणाली तेव्हा मी हसलो होतो. तेव्हा सगळं एकच होतं गं… ती निवेदिका तर अगदी आमच्या हॉस्टेलच्या दिवसांतलं रशियन बोलते, स्वच्छ, गोल. बायको, उल्का, बेसमेंटच्या जिन्यावरून नेहमी विचारते, "अहो, ही बाई बातम्या सांगते की कुणाला झापते?"

"ये, हेमा." या हाकेचं उल्काला अजून हसू येतं. गालिना टीव्ही बंद करत नाही, आवाज थोडा कमी करते.

"ल्युदाचा फोन होता. त्यांचा जिना —"

"त्यांचेच गोळे. स्वतःच्याच लोकांवर टाकायचे आणि मग कॅमेरे बोलवायचे. आत्ताच दाखवलं."

"गालिना, ती तिथे होती. स्वतः."

"तेच तर! तिथे बसून तिला काय दिसणार?"

रागानं नाही. मायेनं. बहिणीला ताप चढलाय आणि ती बरळतेय, अशा मायेनं. "लहानपणापासून तशीच. कुणी काहीही सांगावं, हिनं खरं मानावं. आणि ते युक्रेनियन… वेगळे कुठले, हेमा? आपलेच, धाकटे. गातात छान, डोक्यानं जरा कमी. कुणीतरी भडकवलंय त्यांना." मग ती आत जाऊन लोकरीचे मोजे घेऊन येते, स्वतः विणलेले, राखाडी. "पार्सल कर. थंडी असेल तिकडे. आणि सांग, मी माफ केलंय तिला."

कशाबद्दल माफ? विचारायला हवं होतं. टेबलावर हात आपटून म्हणायला हवं होतं, बाई, तुझी बहीण आहे ती! तोंड उघडलंही. पण सकाळचा तो प्रश्न आडवा आला — कारण तो गालिनानं नव्हता विचारला, मी विचारला होता. ल्युदा जिना कोसळला म्हणाली आणि मी, हेमचंद्र, तिच्या जॅमचा चहा पिणारा, लगेच, स्वच्छ, गोल रशियनमध्ये…

"गोळे कुठल्या बाजूनं आले?"

फोनवर ती म्हणाली, "वरून. वरून आले, हेमचंद्र."

तो मोजे खिशात कोंबून घरी येतो. उल्का भाजी निवडते आहे. मान वर न करताच विचारते, "काय म्हणाली ल्युदा? लागलं नाही ना तिला?"

लागलं का…

ओट्यावर चहा गार झालाय. चेरी तळाशी.

"अहो, तुम्हाला विचारतेय. लागलं का तिला?"

माहीत नाही. फोन करावा, आत्ता करावा. तो नंबर काढतो, अंगठा वर धरून थांबतो, आणि मनात जुळवू लागतो, ती हॅलो म्हणाली की आपण काय… लागलं का तुला, एवढंच तर. पण ते रशियनमध्ये आणताना मधेच टीव्हीवरचा तो आवाज सुरू होतो. बेसमेंट बंद आहे, टीव्ही बंद आहे. आवाज चालूच. स्वच्छ, गोल, आणि किती दिवसांपासून कोण जाणे, पुरुषाचा. त्याचाच.