घरून आणलेली बाटली

पंधरा वर्षं मी सूक्ष्मदर्शकाखाली पुरुषांचं वीर्य तपासतेय. खरं सांगते, माणसाच्या मिशीचा आणि शुक्रजंतूंचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो.

त्या दिवशी आलेला नवरा मिशीवालाच होता. सोबत आई, बायको आणि गाडी चालवायला धाकटा भाऊ. नमुना द्यायला लॅबमधल्या खोलीत जायचं म्हणजे साहेबांना कमीपणा वाटला, म्हणून बाटली घरूनच भरून आणलेली. बायकोच्या सगळ्या तपासण्या आधीच झाल्या होत्या, तिच्यात काही दोष नव्हता. तरी सासूबाई काउंटरवर मलाच ऐकवत होत्या, "आमच्या मुलात खोट निघायची नाही. आज कागद हातात आला की हिला माहेरी सोडणार. कायमची." सून बाकावर मान खाली घालून बसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काच लावून पाहिलं. एकही शुक्रजंतू नाही. यंत्रात फिरवून तळाचं थेंबभर पाहिलं. शून्य. कागद त्याच्या हातात ठेवला.

वाचता वाचता तो ओरडलाच, "हे माझं नाहीच! धाकट्याचं आहे! दोन पोरांचा बाप आहे तो!"

आपण काय बोलून बसलो, हे त्या शहाण्याला जरा उशिराच कळलं. सगळे धाकट्याकडे बघायला लागले. तो दाराशी घाम पुसत होता.

"आई, मी नसबंदी करून घेतलीय. दोन वर्षं झाली. तुला सांगायची लाज वाटली. दादाने मागितलं तेव्हा म्हटलं, दिसायला तर पूर्वीसारखंच आहे, कुणाला कळतंय!"

"दिसायला तसंच असणार," मी म्हटलं. "जंतू वृषणात तयार होतात आणि नळीतून वर येतात. नळी कापली की ते मागेच अडकतात. बाकीचा द्रव वरच्या ग्रंथींमधून येतो, तो येतच राहतो. दोन पोरं झाली तरी एवढं माहीत नाही?"

एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, असे दोघे भाऊ.

"चला घरी, तमाशा पुरे झाला," सासूबाई म्हणाल्या.

सून उठली, पण दाराकडे गेली नाही. माझ्याकडून रिकामी बाटली मागून घेतली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"अहो, खोली डावीकडे आहे. मी इथेच बसते. कुणी कुणाला सोडायचं, ते कागद हातात आल्यावर बघू."