थिगाबाच्या पाटातली भिंत

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा पाट आहे. कमानींवरून सहा कोस चालत मी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी थिगाबा शहरात आणत असे. आणि खरं सांगतो, जन्मापासून मी घाबरट आहे. मला बांधणाऱ्या रोमन गवंड्यांनी शंभर पावलांना जेमतेम बोटभर उतार दिला होता. पाणी मध्येच अडलं तर सगळे मलाच नावं ठेवतील, या धास्तीने पहिल्या दिवशी माझा जीव कासावीस झाला होता.

पाणी पोहोचलं आणि शहर वाढत गेलं. दोन स्नानगृहं झाली, अकरा कारंजी झाली, लोकर धुणाऱ्यांची एक आळीच वसली. बडे लोक माझ्या कमानींवर आपली नावं कोरून घेत. माझी काळजी मात्र पाटकरी घेत. माझ्या पाण्यात चुना फार. दरवर्षी पाणी वळवून आत रांगत जायचं आणि भिंतींवर धरलेला थर खरवडायचा, नाहीतर माझा गळाच भरत जाई.

पुढे बडी घराणी आपापल्या शेतांवर राहायला गेली. नगरसभेत माझं नावही निघेना. शेवटी एकटा गिद्दिन पाटकरी उरला. तोवर थर इतका माजला होता की शहराच्या तटाखाली माझ्यातून मांजरसुद्धा जाऊ शकलं नसतं. गिद्दिनने तीन उन्हाळे खपून तो एकट्याने काढला. त्याची बायको रोगाता जवाची भाकर आणि ऑलिव्ह घेऊन यायची आणि म्हणायची, "अहो, स्वतःची दाढी करायला सवड नाही, आणि या दगडाची हजामत चाललीय."

त्याच वर्षी बातमी आली, पश्चिमेकडून लुटारू घोडेस्वार येताहेत. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की तटाखालून आता माणूस सहज रांगत आत येऊ शकतो. माझ्या पोटातून शत्रू शिरणार! मी अक्षरशः गारठलो.

सभेने ठरवलं, तटाखाली पाटात भिंत घालायची. वाहत्या पाण्यात चुना धरेना, म्हणून गिद्दिन झऱ्यावर पाणी वळवायला निघाला. तो गेला आणि वेशी बंद झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी कोरडा पडलो. म्हातारा गवंडी मुथुन आत उतरला. रोगाता त्याला विटा देत होती.

"मुथुनबाबा, वरची एवढी जागा ठेवा. आमचे हे याच वाटेने परत येतील."

"ठेवतो गं पोरी. पण घोडी दिसली की बुजवणार. मग मला शिव्या द्यायच्या नाहीत."

दुपारी पश्चिमेला धूळ दिसली. तेवढ्यात माझ्या पोटात गुडघे सरकू लागले. डावा गुडघा ओढत येणारा तो गिद्दिनच होता, मी ओळखलं. त्याने हाक मारली, पण माझ्यात आवाज घुमतो. त्या दोघांना नुसती गुरगुर ऐकू आली.

"थांबा, आमचे हेच असतील," रोगाता म्हणाली.

"आणि नसले तर?" मुथुन म्हणाला. त्याने शेवटच्या विटा बसवल्या.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. पण बोलता आलं असतं तरी मी गप्पच राहिलो असतो, इतका मी भ्यालो होतो. गिद्दिन पलीकडून खरवडणीने बराच वेळ ठोकत राहिला. मग ते गुडघे मागे गेले.

घोडेस्वार एकोणीस दिवस बाहेर बसले. लोकांनी टाक्यांतलं पाणी पिऊन दिवस काढले. शेवटी कंटाळून घोडेस्वार निघून गेले. गिद्दिन झऱ्यावरच्या कपारीत लपून वाचला होता. रोगाता सभेत गेली. "आता भिंत काढा. आमचे हे झऱ्यावरून पाणी सोडतात."

"परत आले तर? पुढच्या वर्षी बघू," सभा म्हणाली.

पुढच्या वर्षीही तेच उत्तर मिळालं. रोगाता घागर उचलून झऱ्यावर राहायला गेली. टाक्या आटल्या तसे शेजारी खेचरं घेऊन पाण्याला जाऊ लागले. सहा कोसांच्या खेपा झेपेनात, तेव्हा त्यांनी तिथेच घरं बांधली. शत्रूने थिगाबाची एक वीटही हलवली नाही, तरी आज तिथे काटेरी झुडपांशिवाय कुणी नाही.

भीती वाटली तर भिंत जरूर घाला, मित्रांनो. मलाही ती हवीच होती. पण धोका टळला की ती काढून टाका, पुढच्या वर्षावर ढकलू नका. माझ्यातली भिंत फक्त हातभर जाडीची आहे. एका माणसाचं दुपारभराचं काम होतं.