साठावी जोडी

"म्हणजे अगदी माझ्यासारखीच, फक्त धडधाकट?" पलंगावरच्या आजारी बाईने विचारलं.

"हो. बाईच हवी, अठ्ठेचाळीसची, याच गल्लीतली," सर्वेवाली म्हणाली.

गेल्या वर्षी तिने दारोदार हिंडून छातीचा हा आजार किती जणांना आहे ते मोजलं होतं. हजारी एकतीस निघाले. यंदा तो कशामुळे होतो ते हुडकायचं होतं. साठ रोगी घ्यायचे, प्रत्येकाला त्याच वयाची निरोगी जोडी शोधायची, दोघांना तेच प्रश्न विचारायचे आणि फरक कुठे पडतो ते बघायचं. एकोणसाठ जोड्या जमल्या होत्या. साठावीसाठी तिने गल्लीतले सगळे उंबरे झिजवले, पण या वयाची धड बाई सापडेना. फॉर्म उद्या द्यायचे होते.

"तुम्ही कुठे राहता?" बाईने विचारलं.

"चार घरं सोडून. गेल्या वर्षीच आले राहायला."

"आणि वय?"

सर्वेवाली ओशाळून हसली. "अठ्ठेचाळीस."

"मग एवढी पायपीट कशाला करताय?"

स्वतःलाच जोडीत धरणं नियमात बसत नव्हतं, पण नोकरी कंत्राटी होती. तिने कोरा फॉर्म काढला. स्वतःच स्वतःला काय विचारायचं, म्हणून तो बाईच्या हातात दिला. बाई धापा टाकत वाचू लागली. तंबाखू? नाही. स्वयंपाक? रॉकेलच्या स्टोव्हवर. धुळीचं काम?

"पूर्वी कापसाच्या गोदामात. अकरा वर्षं, रात्रपाळी."

बाईने मान वर केली. "मी दिवसपाळीला. अकराच. तुम्ही बसायचात कुठे?"

"खिडकीजवळ. तिसरं स्टूल."

"सकाळी मी बसायचे तेव्हा ते गरम असायचं," बाई हळूच म्हणाली. "मनात यायचं, कोण असेल बरं."

भर दुपारची शांतता होती, बाईचा श्वास तेवढा शिट्टीसारखा वाजत होता. बाईने पुढचे प्रश्न वाचलेच नाहीत. ती उशाशी ठेवलेल्या आपल्याच भरलेल्या फॉर्मवरून उत्तरं उतरवत गेली आणि त्यातलं एकही चुकलं नाही. शेवटच्या प्रश्नाशी मात्र ती थांबली.

"जिना चढताना दम लागतो?"

"नाही."

"खोटं कशाला बोलता, ताई? आत्ता येताना तीनदा थांबलात. मला इथवर ऐकू येतं. आजाराच्या पहिल्या वर्षी मीही चपलेचा पट्टा नीट करायच्या बहाण्याने थांबायचे."

सर्वेवाली घाबरली. गेल्या वर्षीच्या मोजणीत स्वतःच्या घरापुढे तिने डोळे झाकून शून्य लिहिलं होतं.

"'नाही'च लिहू?" बाईने विचारलं. "तुमची जोडी होऊन जाईल."

सर्वेवालीने फॉर्म मागून घेतला, 'निरोगी'वर काट मारली आणि खाली 'डॉक्टरांनी तपासावे' असा शेरा लिहिला. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ आलं.

बाईने सरकून तिला पलंगावर जागा करून दिली. "आता धडधाकट दोन शोधायला लागतील, एक माझ्यासाठी, एक तुमच्यासाठी," ती म्हणाली.

दोघी खिडकीतून गल्लीकडे बघत बसल्या. खालून जाणाऱ्या सगळ्या बायका फार तरुण होत्या.