पाकिटावरचा चेहरा

केळीचे पापड चारुलताचे. कच्ची केळी किती उकडायची, जिरं कधी टाकायचं, लाटलेला पापड उन्हात किती आणि सावलीत किती ठेवायचा, हे तिनं टोपल्याच्या टोपल्या नासवून शिकलेलं. केळी मात्र सासरची, मोबाइलवरचं पेज दिराचं आणि तोंड सासूचं. मथुराबाईंना ही सून पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपायची. कागद कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली नोकरदाराची पोर, हिला शेतातलं काय कळतं, असं त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या. चारुलताही साधी नव्हती. ती गुपचूप ऐकायची आणि एकही शब्द विसरायची नाही.

"वहिनी, पाकिटावर आईचा फोटो टाकू," दीर भूपेंद्र म्हणाला. "पब्लिकला दादी-नानीच पसंद पडते."

"पापड मी करते, भाऊजी."

"तर काय झालं? घरचीच तर बात आहे."

या 'घरच्या बाती'नं तिचं डोकं फिरायचं. ती म्हणाली, मग लोकांनाच विचारा. दोन जाहिराती टाका. पापड तोच, भाव तोच, दोन्हींवर पैसेही सारखेच लावा. एकीत आई, दुसरीत मी. जिच्यावर ऑर्डरी जास्त, तिचा फोटो पाकिटावर. भूपेंद्र लगेच तयार झाला, कारण आईच जिंकणार याची त्याला खात्री होती.

मथुराबाईंना ती सरपंचाची निवडणूकच वाटली. देडतलाईचा भाऊ, खकनारची मावसबहीण, साऱ्या गोतावळ्यात फोन गेले. माझा चेहरा दिसला की बोट दाबा, सुनेचा दिसला तर सोडून द्या. गोतावळ्यानं इमानानं बोट दाबलं. जाहिरात दाखवणाऱ्या यंत्राला वाटलं, हेच खरं गिऱ्हाईक. ते मथुराबाईंची जाहिरात पुन्हा पुन्हा देडतलाई-खकनारलाच दाखवत राहिलं, जिथं गच्चीगच्चीवर घरचेच पापड वाळत असतात. लाइकांचा नुसता ढीग पडला, ऑर्डर एकही नाही. चारुलताच्या व्हिडिओवर मोजकीच बोटं पडली, पण नागपूर-नाशिकहून पाकिटं मागवली गेली. ती इतकी खूश झाली, की सासूला टोमणा मारायचंही राहून गेलं.

मग तिला तिसरी जाहिरात दिसली. पापड लाटणारे हात तिचे, हिरव्या बांगड्यांसकट, आणि लगेच पुढे हसणाऱ्या मथुराबाई. खाली लिहिलं होतं, 'आजीच्या हातचे'. पाकिटावरही त्यांचाच फोटो छापला होता.

"हात तुमचे चालले, चेहरा आईचा चालला. दोघी जिंकल्या ना," भूपेंद्र म्हणाला. तिचा नवरा मोहित म्हणाला, विक्री तर होतेय, मग भांडण कशाला? आणि विक्री खरंच होत होती, आधीच्या दोन्हींपेक्षा कितीतरी जास्त. चारुलताला त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला.

एका दुपारी नागपूरच्या एका बाईंचा फोन आला. भूपेंद्रनं स्पीकर लावला. "आजी, हे पापड तळायचे कसे हो?"

मथुराबाईंनी सुनेकडे पाहिलं. उडदाच्या पापडाचं वेगळं, केळीच्या पापडाला मंद आच लागते. तेल कडक झालं की तो क्षणात काळा पडतो आणि कडू लागतो. चारुलता खाली मान घालून केळी सोलत राहिली.

"सांगा ना, आई," ती म्हणाली. "तुमच्या हातचे आहेत."

माघार घेणं मथुराबाईंच्या रक्तात नव्हतं. "तेल खूब तापू दे बाई," त्या म्हणाल्या. "धूर निघला का मग सोड." भूपेंद्रला ते इतकं आवडलं, की 'आजींची खास पद्धत' म्हणून त्यानं तेच त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि जाहिरातीत जोडून टाकलं. चारुलतानं त्याला अडवलं नाही.

आठवडाभरात जाहिरातीखाली कमेंटांची रांग लागली. भूपेंद्र मंडीत गेलेला होता. मथुराबाईंना वाचता येत नव्हतं, पण काळ्या पापडांचे फोटो दिसत होते. त्या मोबाइल घेऊन सुनेजवळ येऊन बसल्या.

"काय लिखलं यांनी? वाच बरं."

चारुलतानं हात पुसले आणि वाचायला सुरुवात केली. एकही कमेंट गाळली नाही, एकही शब्द सौम्य केला नाही. "'म्हातारीनं फसवलं.' 'आजी, नातवंडांनाही हाच कोळसा चारता का?' 'या बाईचं तोंड दिसलं तरी कडू लागतं.'"

मथुराबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्यांचे डोळे भरून आले होते. चारुलताला ते दिसलं, आणि तिला जराही दया आली नाही.

"बस कर," मथुराबाई म्हणाल्या. "माझा फोटो काढून टाक. तुझा लाव."

"लावीन ना," चारुलता म्हणाली. "आधी हे सगळं ऐकून घ्या." आणि तिनं पुढची कमेंट वाचली.